मधुमालतीची रात्रपाळी

देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांची एक ठेवण आहे. रस्त्यापासून आत सरकलेलं घर, पुढे रुंद व्हरांडा, उतरतं कौलारू छप्पर, आवारात चार म्हातारी झाडं आणि पोर्चच्या खांबावर किंवा फाटकाच्या कमानीवर चढवलेली एक वेल. लॅम रोडनं किंवा रेस्ट कॅम्प रोडनं दिवेलागणीला चालत निघालं, की कुठल्या आवारात कोणती वेल आहे ते अंधारातही कळतं. बोगनवेल नुसती दिसते, तिला वास नाही. गोडसर, थोडा फळासारखा वास कुंपणाबाहेर येत असेल तर बहुधा ती मधुमालती असते.

इंग्रजांनी १८६१ साली इथे लष्कराची छावणी उभी केली, ती येणाऱ्या-जाणाऱ्या पलटणींसाठी. मुंबई बंदरात उतरलेले गोरे शिपाई इथे यायचे आणि मुदत संपलेले बोटीची वाट बघत इथेच पडून राहायचे. वाट बघून डोकं फिरलेल्यांच्या कृपेनं इंग्रजीत वेडसरपणाला ‘डूलाली’ म्हणू लागले, हा या गावाचा जगाच्या शब्दकोशातला वाटा. पुढे कोरड्या हवेची ख्याती झाली, पारशी आणि गुजराती मंडळींची आरोग्यधामं आली, १९२५ साली बार्न्स स्कूल आलं, १९४१ मध्ये काकूलहून तोफखान्याची शाळा आली. माणसं बदलत राहिली तरी आवारं मोठीच राहिली, आणि मोठं आवार असलं की वेल आलीच. या मधुमालतीला इंग्रज ‘रंगून क्रीपर’ म्हणत. आपल्याकडे काही जण तिला लाल चमेली किंवा विलायती चमेलीही म्हणतात, पण चमेलीशी तिचं काही नातं नाही.

तिचे खरे भाऊबंद ऐकले तर आश्चर्य वाटेल. अर्जुन, ऐन, हिरडा, बेहडा या दणकट वृक्षांच्या कुळातली ही वेल. अर्जुनाच्या झाडाखाली पडलेलं पाच पंखांचं लाकडी फळ ज्यानं हातात घेतलं आहे, त्याला मधुमालतीचं फळ दाखवलं तर सांगावं लागणार नाही; तेच फळ, फक्त लहान आणि टोकदार. लिनियसनं १७६२ साली तिला ‘क्विस्क्वालिस इंडिका’ म्हणून नोंदवलं. १९९८ मध्ये तिला ‘कॉम्ब्रेटम’ प्रजातीत हलवून ‘कॉम्ब्रेटम इंडिकम’ असं नाव मिळालं. रोपवाटिकांच्या पाट्यांवर मात्र अजून जुनंच नाव टिकून आहे, आणि त्यात बिघडत काही नाही.

एक गोंधळ मात्र इथेच मिटवायला हवा. शाकुंतलात जिचा मंडप आहे ती माधवी म्हणजे ही मधुमालती नव्हे. माधवी ही ‘हिप्टेज बेंगालेन्सिस’. पांढऱ्या झालरदार पाकळ्या, त्यातली एक पिवळी, आणि तीन पंखांचं भिरभिरतं फळ. तीही सुवासिक, तीही झुडपातून वेल होणारी, आणि ती सह्याद्रीच्या जंगलात आपोआप येते. हीच आपली काव्यातली माधवी मॉरिशस आणि रीयुनियन बेटांवर गेल्यावर तिथलं जंगल गिळू लागली. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जीवांच्या यादीत ती आहे. कालिदासाला हे सांगितलं असतं तर पटलं नसतं. मधुमालतीचा विस्तार आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशापासून आग्नेय आशियापर्यंत आहे. महाराष्ट्रात मात्र ती माणसानं लावलेलीच भेटते.

‘वेल’ हा शब्दही तिला जन्मापासून लागू होत नाही. रोप लावलं की पहिले काही महिने ते सरळ उभं झुडूप असतं, कमरेएवढं. नवा माळी म्हणतो, चुकीचं रोप दिलं. मग बुडातून एक लांबलचक फांदी सुटते आणि हिची चाल बदलते. सतराव्या शतकात अंबोन बेटावर डच कंपनीच्या चाकरीत असलेल्या रुम्फियस नावाच्या जर्मन माणसानं हा प्रकार बारकाईनं टिपला होता. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली, १६८७ च्या आगीत त्यानं जमवलेली चित्रं जळाली, तरी लेखनिक हाताशी धरून त्यानं बेटावरच्या वनस्पतींचा ग्रंथ पुरा केला. तो मेला १७०२ मध्ये, आणि ग्रंथ छापून यायला १७४१ उजाडलं.

चढण्याची पद्धतही पाहण्यासारखी. नाशिककरांना वेल म्हटलं की द्राक्ष आठवतं. द्राक्षवेल तणाव्यांनी तारेला विळखा घालते. मधुमालतीला तणावे नाहीत. तिचं पान गळतं तेव्हा पातं तेवढं पडतं, देठाचं बूड फांदीवर राहतं, वाळतं, कडक होतं आणि किंचित वाकडा काटा तयार होतो. हेच तिचे आकडे. ते शेजारच्या फांदीत, जाळीत, कौलाच्या कडेला अडकवत ती वर सरकते. म्हणजे हिच्या वाढीत पान गळणं हे नुकसान नाही, सोय आहे. वेल छाटताना बाही का फाटते, याचंही उत्तर यात आलं.

आता फुलाकडे वळू, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

घोसातलं एक फूल हातात घ्या. पाच पाकळ्या आणि त्यांच्यामागे पाच-सात सेंटिमीटर लांब, बारीक, हिरवट-तांबूस काडी. सगळे त्या काडीला देठ समजतात. ती देठ नाही, पोकळ नळी आहे. फुलाचं अंडाशय, म्हणजे पुढे जिथे फळ व्हायचं ती जागा, त्या नळीच्या अगदी बुडाशी आहे. मधही नळीच्या आत खोलवर असतो. तोंडाशी दहा पुंकेसर पाच-पाचच्या दोन फेऱ्यांत बसवलेले. इतकी लांब नळी करायची तर तेवढी लांब सोंड असलेलं गिऱ्हाईक हवं, आणि ते रात्री येतं.

फूल उमलतं संध्याकाळी. उमलतं तेव्हा ते पांढरं असतं आणि साधारण आडवं धरलेलं असतं. अंधारात पांढरा रंग दिसतो, वास लांबवर जातो, आणि आडव्या फुलासमोर हवेत तरंगत सोंड घालणं सोपं जातं. हे करणारा कीटक म्हणजे हॉकमॉथ. जाडजूड अंगाचा, विमानासारख्या ताठ पंखांचा पतंग. तो फुलावर बसत नाही, समोर स्थिर तरंगतो आणि सोंड उलगडून मध ओढतो. नाशिक भागात त्यांना तोटा नाही. त्यातल्या एका जातीच्या अळ्या द्राक्षाच्या पानांवरच वाढतात. शेपटीवर शिंग असलेली ती जाड अळी बागायतदारांच्या ओळखीची आहे, ओळख फारशी प्रेमाची नसली तरी.

दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होतं आणि मान टाकू लागतं. तिसऱ्या दिवशी ते गडद लाल होऊन लोंबतं. एकाच घोसात पांढरी, गुलाबी, लाल अशी फुलं एकत्र दिसतात ती वेगवेगळ्या रंगांची नसून वेगवेगळ्या वयांची असतात. पाकळीत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य साठत जातं, त्यामुळे हा पालट होतो. जांभळाला आणि लाल कोबीला रंग देणारं द्रव्य याच घराण्यातलं.

पण फुलानं म्हातारपणी रंगावर खर्च का करावा? काम झालं तर गळून पडावं. १९८७ साली इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी, आयझिकोविच आणि रोटेम यांनी, या वेलीवर निरीक्षणं करून असं सुचवलं की हा गिऱ्हाइकांची वाटणी करण्याचा प्रकार आहे. पांढरं आडवं फूल रात्रीच्या पतंगांसाठी, रंगलेलं लोंबतं फूल दिवसाच्या कीटकांसाठी. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये जशा पाळ्या बदलतात, तसंच म्हणायचं. कल्पना इतकी सुबक होती की ती पुस्तकांतून फिरत राहिली. तपासून पाहण्याचं काम बऱ्याच उशिरा, दक्षिण-पश्चिम चीनमधल्या जंगलात झालं, आणि २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्यात जे दिसलं ते मला मूळ कल्पनेपेक्षा जास्त आवडतं. पाळ्या खऱ्या निघाल्या. रात्री मुख्यतः पतंग आले, दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरं. मधाचं झरणं मात्र उमलल्या संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतच जोरात होतं. मग रंग चढत जातो तसतसा मध आटत जातो. वासाचंही तेच, पांढऱ्या फुलात सर्वांत जास्त आणि लाल फुलात सर्वांत कमी. फळं मोजली तेव्हा तीही पांढऱ्या अवस्थेतल्या फुलांना अधिक धरलेली सापडली. म्हणजे ज्या लाल झुबक्यांसाठी आपण ही वेल लावतो, त्यांचा वंशवृद्धीत वाटा थोडा. खरं काम पहिल्या रात्रीच होऊन जातं. लाल फुलं दुकान बंद झाल्यावरही पाटी झळकत ठेवतात. कदाचित लांबून घोस नजरेत भरावा म्हणून, कदाचित राहिलेला थोडा व्यवहार दिवसा उरकावा म्हणून.

रंग बदलणाऱ्या फुलांची ही युक्ती तशी दुर्मीळ नाही. कॅम्पाबाहेर भगूरच्या वाटेला लागलं की माळावर घाणेरी दिसते, काही जण तिला टणटणी म्हणतात. तिच्या गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची लालसर असतात. मार्था वाइस या अमेरिकन संशोधिकेनं १९९१ मध्ये दाखवलं की फुलपाखरं त्यातली पिवळीच निवडतात, कारण मध त्यांच्यातच असतो. जुनी फुलं फक्त गुच्छ मोठा दिसावा म्हणून टिकवलेली. मधुमालतीनं मात्र जुन्या फुलांनाही थोडंफार गिऱ्हाईक ठेवलं आहे.

आणि काही गिऱ्हाइकं फुकटीही असतात. असल्या लांब नळीच्या फुलांवर भुंगा येतो, तोंडातून सोंड पोहोचत नाही असं पाहतो आणि नळीच्या बुडाशीच चीर पाडून मध पितो. शिंजीरही चोच खुपसून असं करू शकतो. परागांचा व्यवहार न करता मध पळवणाऱ्यांना वनस्पतीशास्त्रात सरळ ‘मधचोर’ म्हणतात. या व्याख्येनुसार सुट्टीत कॅम्पात आजोळी आलेली सगळी मुलं मधचोरच. फूल ओढायचं, नळीचं बूड दातानं तोडायचं आणि चोखायचं. थेंबभर गोडी मिळते. त्यातही पांढऱ्या-गुलाबी फुलांना हात घालणारं पोर हुशार. लाल फूल चोखणाऱ्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. मुलींचा आणखी एक उद्योग असतो: लांब नळ्या एकमेकींत गुंफत, दोरा न लावता वेणी करायची. बुचाच्या फुलांचीही अशीच करतात.

चोखण्यापलीकडे हे फूल खातात का? हो. खाद्य फुलांच्या याद्यांत तिचं नाव येतं. पाकळ्या कच्च्या, कोशिंबिरीवर पेरून किंवा भातावर टाकून खाल्ल्या जातात. इंडोनेशियात कोवळे शेंडेही कच्चे किंवा वाफवून खातात. आपल्याला फुलं खाण्याचं नावीन्य नाही. हादग्याच्या आणि शेवग्याच्या फुलांची भाजी, भोपळ्याच्या फुलांची भजी, केळफूल हे सगळं आपल्या घरात होतं, आणि सुरगाणा-पेठकडे मोहाच्या फुलांवर घरं उन्हाळा काढत आली आहेत. त्या रांगेत मधुमालती मागे बसते. हादग्याच्या फुलाला अंग आहे, किंचित कडवटपणा आहे, पीठ पेरलं की भाजी होते. मधुमालतीची पाकळी पातळ, चवीला जेमतेम, आणि तव्यावर घातली की नाहीशी होते. तिचा उपयोग शोभेपुरता. काकडीच्या कोशिंबिरीवर पांढऱ्या, गुलाबी, लाल पाकळ्या टाकल्या तर पाहुणे विचारतात हे काय, एवढंच तिचं श्रेय. नळी आणि बुडाचा हिरवा भाग काढून टाकावा आणि थोडक्यात आवरावं.

एक पथ्य मात्र या भागात पाळायलाच हवं. वेल द्राक्षमळ्याच्या कडेला असेल तर तिची फुलं खाऊ नयेत. छाटणीनंतर मळ्यात फवारण्या सुरू होतात आणि वारा बांध पाहत नाही. रोपवाटिकेतून नुकत्याच आणलेल्या, औषध मारलेल्या रोपाचंही तेच.

फुलापर्यंत ठीक, पण बियांची गोष्ट वेगळी आहे. चीनमध्ये या वेलीच्या बियांना ‘शीजुन्झी’ म्हणतात आणि लहान मुलांच्या पोटातले जंत पाडायला त्या हजारेक वर्षं वापरात आहेत. दहाव्या शतकातल्या औषधीग्रंथात त्यांची नोंद आहे. बी चवीला बदामासारखी गोडसर, त्यामुळे मुलं कुरकुर न करता खातात. धोकाही तोच. जास्त पोटात गेली तर उचक्या लागतात, मळमळतं, उलट्या होतात, गरगरतं. चिनी वैद्य ती मोजून देतात आणि तिच्यावर गरम चहा पिऊ देत नाहीत, उचक्या वाढतात म्हणून.

जंतांना नेमकं काय बाधतं, याचा शोध जपानमध्ये लागला. ताकेमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये या फळांतून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं आणि त्याला वेलीच्या तेव्हाच्या लॅटिन नावावरून क्विस्क्वालिक आम्ल म्हटलं. याच ताकेमोतोंनी १९५३ मध्ये एका समुद्री शेवाळातून असंच दुसरं जंतनाशक द्रव्य मिळवलं होतं, केनिक आम्ल. दोन्ही द्रव्यं मज्जापेशींना फसवतात. आपल्या मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेण्याचं काम ग्लूटामेट करतं. ही आम्लं ग्लूटामेटचं सोंग घेऊन त्याच कुलपात बसतात आणि त्याच्यापेक्षा जोरानं किल्ली फिरवतात.

म्हणूनच मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना ती हवीहवीशी झाली. १९८० च्या दशकात मेंदूतल्या ग्लूटामेटच्या कुलपांचे तीन प्रकार मानले जात. त्यातल्या एकाला केनेट आणि एकाला क्विस्क्वालेट म्हणत. जंत पाडणारं शेवाळ आणि जंत पाडणारी वेल, दोघांचीही नावं मेंदूच्या नकाशावर लागली. पुढे कळलं की क्विस्क्वालेट दुसऱ्याच एका प्रकारच्या कुलपातही बसतं, म्हणून अधिक नेमक्या द्रव्यावरून त्या कुलपाला ‘ॲम्पा’ हे नाव दिलं गेलं. आठवणी पक्क्या होण्यात या ॲम्पा कुलपांचा मोठा हात आहे. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात हे नाव आलं की त्या जागी आधी आपल्या फाटकावरची वेल होती, हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

हेच आम्ल पुन्हा एकदा भलत्याच ठिकाणी सापडलं. कुंडीतल्या जिरेनियमच्या पाकळ्या खाल्ल्या की जपानी भुंगेरे अर्ध्या तासात लुळे पडतात, हे अमेरिकेत आधीपासून माहीत होतं. २०११ मध्ये त्यामागे क्विस्क्वालिक आम्ल असल्याचं दाखवलं गेलं. कीटकांचे स्नायू ग्लूटामेटच्या निरोपावर हलतात, त्यामुळे त्यांना हे फार लागू पडतं. भुंगेरा दिवसभरात शुद्धीवरही येतो, पण तोवर त्याला कुणीतरी खाल्लेलं असतं.

इथे कॅम्पातला वाचक म्हणेल, एवढं बियांचं पुराण सांगितलंत, पण आमच्या वेलीला आजवर फळ धरलेलं नाही. बरोबर आहे, बागेतल्या मधुमालतीला फळ क्वचितच दिसतं. एक कारण वाणाचं. रोपवाटिकांत भरगच्च पाकळ्यांची, दुहेरी फुलांची जात खूप विकली जाते, आणि तिच्या फुलाची सगळी रचनाच शोभेसाठी वळवलेली असते. साध्या पाच पाकळ्यांच्या वेलीचं कारण मात्र त्या चिनी अभ्यासातच सापडतं. ही वेल स्वतःचे पराग स्वतःला चालू देत नाही. पराग दुसऱ्या वेलीचे हवेत, आणि ‘दुसरी’ म्हणजे रक्तानंही दुसरी.

आता आपण ही वेल कशी लावतो ते बघा. शेजारच्या आवारातून बुडाशी आलेला फुटवा मुळासकट उपटून आणायचा, नाही तर फांदी वाकवून मातीत दाबून दाब कलम करायचं. या घरचा फुटवा त्या घरी, तिथून बदली झालेल्या साहेबाच्या सामानातून तिसऱ्या छावणीत. असा प्रत्येक फुटवा म्हणजे मूळ वेलच, नव्या जागी वाढणारी. एका आळीत दहा फाटकांवर दहा वेली दिसल्या तरी त्या वंशानं एकच असण्याचा संभव मोठा. मग हॉकमॉथ रात्रभर या फाटकावरून त्या फाटकावर पराग पोहोचवत राहतो आणि ते परत परत स्वतःचेच निघतात. फुलांची रात्रपाळी चालू राहते, माल मात्र निघत नाही. वेलीला त्यानं फारसं अडत नाही. बी न धरताही ती गावभर झाली, कारण तिला वास आणि रंग आवडणारं, दोन पायांवर चालणारं एक जनावर मिळालं.

ज्यांना फळ बघायची हौस असेल त्यांनी एक करावं: दूरच्या गावाहून, शक्यतो बियांपासून वाढवलेलं, साध्या फुलाचं रोप आणून जुन्या वेलीजवळ लावावं आणि फुलोऱ्याच्या दिवसांत आवारातले पांढरे झगझगीत दिवे रात्री बंद ठेवावेत, उजेडाभोवती घुटमळणारा पतंग फुलाकडे येत नाही. लावायला पावसाळ्याची सुरुवात चांगली. मुरमाड जमिनीत खड्डा मोठा घ्यावा, शेणखत घालावं, आणि पहिलं वर्ष पाणी तुटू देऊ नये. ऊन जितकं जास्त तितका फुलोरा जास्त. सावलीतली वेल पानंच वाढवते. देवळालीच्या थंडीत ती पानं टाकते, तेव्हा मेली समजून कुणी उपटू नये. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी सरता सरता, साधारण फेब्रुवारीत, निर्दयपणे छाटावी. द्राक्षाची खरड छाटणी करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, बंगलेवाल्यांना मात्र कात्री चालवताना जीव तुटतो आणि मग वेल कौलांत शिरते. बुडाचे फुटवे नको असतील तर जमिनीलगत न कापता मुळापासून ओढून काढावेत. आणि फळ धरलंच, पाच कंगोऱ्यांचं, वाळून काळपट तपकिरी झालेलं, तर ते मुलांच्या हाती लागू न देता वर ठेवावं. बदामासारखं लागतं, हे त्यांना आपण सांगितलं नाही तरी ती शोधून काढतील.